यकृताचा कॅन्सर मेंदूत पोचलाय, बाबांना मुंबईला न्यावं का?

पत्र

आदरणीय डॉक्टरबाई, नमस्कार.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरमध्ये राहतो. बाबा ७१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. मागच्या वर्षी त्यांच्या लिव्हरमध्ये सहा सेंटिमीटरची गाठ सापडली. हेपेटायटिस बी बऱ्याच वर्षांपासून असणार असं डॉक्टर म्हणाले, आम्हाला कुणाला कल्पनाच नव्हती. दोनदा टेस (गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून ती बंद करणं) झालं, मग लेनव्हॅटिनिबच्या गोळ्या चालू केल्या. पुढच्या सीटीत फुप्फुसात ठिपके दिसले. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी बाबांच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला आणि तोंड वाकडं झालं. लकवा समजून आई आणि मी धावत दवाखान्यात नेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला पुढे तीन सेंटिमीटरची गाठ, तिच्यात रक्तस्राव, आणि मागे लहान मेंदूत आणखी एक बारीक गाठ निघाली. डेक्सा सुरू केल्यावर बाबा दोन-तीन दिवसांत पुष्कळ सुधारले. आता धरून चालतात, पेपर वाचतात, मधूनच थोडे गोंधळतात. डॉक्टर म्हणाले, ‘दो-तीन महीने मानकर चलिए.’

दादा पुण्याहून रोज फोन करतो: टाटाला ने, गॅमा नाइफ करू, नाहीतर मी माझं लिव्हर देतो. काका म्हणतात, बाबांना काही कळू देऊ नका, धीर सोडतील. आत्या गुळवेलीचा काढा पाठवते. बाबांना आम्ही ‘डोक्यात जरा सूज आहे’ एवढंच सांगितलंय. मी रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसते आणि सकाळी काहीच ठरत नाही. खरं सांगा, किती दिवस आहेत? आणि मी काय करू?

— एक मुलगी, इंदूर

उत्तर

ताई,

खरं सांगा म्हणालात, म्हणून आधी तेच सांगते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला काळ चुकीचा नाही. यकृतातच सुरू झालेला कॅन्सर मेंदूत पोचला की ठिकठिकाणच्या रुग्णालयांच्या नोंदींत आयुष्य काही आठवड्यांपासून तीन-चार महिन्यांपर्यंत मोजलेलं दिसतं. ज्यांची मेंदूतली गाठ एकच आहे, यकृत चांगलं काम करतंय, माणूस हिंडता-फिरता आहे आणि गाठ शस्त्रक्रियेनं किंवा नेमक्या रेडिएशननं हाताळता आली आहे, अशा निवडक लोकांमध्ये तो सहा महिन्यांच्या आसपास जातो. वर्ष ओलांडणारेही आहेत, पण ते फार थोडे. हे आकडे मध्यक असतात, म्हणजे निम्मे रुग्ण त्याच्या आधी जातात आणि निम्मे त्यानंतरही राहतात. त्यामुळे ‘दोन-तीन महिने’ ही तारीख नव्हे. पण तो आकडा खोटा ठरावा म्हणून जी धावपळ चालली आहे, तिच्यात हाताशी असलेले आठवडे निघून जातील, याची मला भीती वाटते.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. डेक्सा सुरू केल्यावर बाबा सुधारले, पेपर वाचतात. हे डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड गाठीभोवतीची सूज उतरवतं, आणि एक ते तीन दिवसांत माणूस इतका बरा दिसू लागतो की घरच्यांना वाटतं, आजार मागे हटला. गाठ मात्र तेवढीच असते. सूज उतरल्यामुळे मेंदूला जी मोकळीक मिळाली, ती टिकते काही आठवडे, कधी त्याहून कमी. आज बाबा बोलू शकतात, समजू शकतात, स्वतःचं मत देऊ शकतात. बाकीच्या बऱ्याच कॅन्सरमध्ये माणूस बहुधा शेवटच्या काही दिवसांपर्यंत शुद्धीवर असतो, म्हणून ‘सांगू पुढे केव्हातरी’ हे खपून जातं. इथे मेंदू आणि यकृत दोन्ही आजारी आहेत आणि शुद्ध हरपायला दोन वाटा आहेत. म्हणून मुंबई, गॅमा नाइफ, लिव्हर देणं या सगळ्याच्या आधी एक काम करा, याच आठवड्यात: बाबांना विचारा.

काकांच्या मनातली काळजी मला कळते. आपल्याकडे आजाराचं नाव घरात उच्चारायचं नाही अशी रीत आहे आणि तिच्यामागे मायाच असते. पण ७१ वर्षांचा, आयुष्यभर हिशेब सांभाळलेला माणूस हातातून कप पडतो, डोक्याचा एमआरआय होतो, मुलगी रडून सुजलेल्या डोळ्यांनी समोर येते, हे बघून ‘जरा सूज आहे’ यावर विश्वास ठेवत असेल का? माझ्या अनुभवात अशा रुग्णांपैकी बहुतेकांना अंदाज आलेला असतो. ते घरच्यांना जपण्यासाठी गप्प असतात आणि घरचे त्यांना जपण्यासाठी. एकाच खोलीत सगळे एकटे पडतात.

सगळं एका दमात सांगू नका. सकाळच्या वेळी, डेक्साच्या गोळीनंतर ते तरतरीत असताना, टीव्ही बंद करून जवळ बसा आणि आधी त्यांनाच विचारा, ‘बाबा, तुम्हाला काय वाटतंय, हे काय चाललंय?’ मग विचारा, ‘डॉक्टर जे म्हणतात ते सगळं ऐकायचंय, की आम्हीच बघू?’ काही जण म्हणतात, ‘तूच बघ, मला सांगू नकोस.’ तोही त्यांचा निर्णय, त्याचा मान ठेवा. पण बहुतेक जण एक-दोन प्रश्न विचारतात, आणि तुम्ही त्यांनी विचारलेल्या तेवढ्याच प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. ‘हा हात परत चालेल ना?’ असं विचारलं तर ‘गोळीनं थोडा चालतोय, पूर्ण चालेल असं डॉक्टरांना वाटत नाही’ एवढं पुरे. आईंना त्या वेळी जवळ बसवा. त्यांना बाजूच्या खोलीत पाठवू नका. इतक्या वर्षांचा संसार त्यांनी केलाय, निरोपाचं बोलणं त्यांच्या पाठीमागे होऊ नये.

बाबांकडून तीन गोष्टी कळायला हव्यात. दवाखान्यात राहून चार दिवस जास्त मिळत असतील तर चालतील, की घर सोडायचं नाही? श्वास थांबायला आला तर नळी, व्हेंटिलेटर हवं का? आणि ते बोलू शकले नाहीत तर त्यांच्या वतीनं कोण बोलेल, तुम्ही, दादा की आई? हे कागदावर उतरवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे सही, एवढ्यावर ते होतं. बाबा बँकेत होते, अशा कागदाचं मोल त्यांना तुम्हाआम्हांपेक्षा जास्त कळेल. आयुष्यभर लोकांना नॉमिनेशन करा म्हणून सांगणारी माणसं स्वतःचं करायचं विसरतात, तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

आता उपचार. तुम्ही रात्रभर वाचताय, त्यामुळे नावं पुष्कळ माहीत असतील. कोणता उपचार बाबांच्या उपयोगाचा, हे गाठीपेक्षा यकृतावर जास्त ठरतं, आणि हे मोबाइलवर कुणी ठळक करून सांगत नाही. यकृत किती काम करतंय ते चाइल्ड-प्यू नावाच्या श्रेणीत मोजतात: बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि गुंगी या पाच गोष्टींवरून ए, बी किंवा सी. बाबांची श्रेणी ए असेल तर मेंदूतल्या गाठीवर काही करण्यात अर्थ आहे. सी असेल तर मेंदूतल्या दोन्ही गाठी उद्या नाहीशा झाल्या तरी यकृत त्यांना फार पुढे नेणार नाही. तुमच्या पत्रात ही श्रेणी नाही. उद्या सकाळी पहिला फोन करून हेच विचारा, आणि सोबत प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) किती ते.

शस्त्रक्रियेचं म्हणाल तर गाठ एकच असती, सहज पोचण्याजोग्या जागी असती आणि रक्तस्रावामुळे मेंदूवर एकदम दाब आला असता, तर कवटी उघडून ती काढण्याचा विचार झाला असता. बाबांना दोन गाठी आहेत, फुप्फुसातही आजार आहे. शिवाय मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी प्लेटलेट साधारण एक लाखाच्या वर लागतात, आणि सिरॉसिसनं यकृत कडक झालेल्या माणसाच्या बऱ्याचदा नसतात. तुम्ही अंदाजानं नाकारू नका, मेंदूशल्यविशारदाचं मत घ्या. पण ते ‘नको’ म्हणाले तर तो हलगर्जीपणा नसतो, हे दादाला सांगा.

गॅमा नाइफ म्हणजे सुरी नव्हे. एकाच जागी, बाहेरून, नेमक्या गाठीवर जोरात दिलेलं रेडिएशन. हेच काम सायबरनाइफ किंवा आधुनिक लिनिअर ॲक्सिलरेटरवरही होतं आणि त्याला स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन म्हणतात. एका दिवसात किंवा तीन-पाच बैठकांत आटपतं, डोकं उघडावं लागत नाही, पूर्ण भूल लागत नाही. साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या, संख्येनं थोड्या गाठींसाठी ते उत्तम. बाबांची मोठी गाठ या सीमेवर आहे, दुसरी बारीक आहे. म्हणून सगळ्या पर्यायांत मला विचारण्याजोगा वाटतो तो हाच, जर यकृताची श्रेणी ए किंवा चांगल्यातली बी असेल आणि बाबांना स्वतःला हवं असेल तर. लहान मेंदूतली बारीक गाठ दुर्लक्षू नका. ती वाढली तर मेंदूतल्या पाण्याची वाट अडते आणि डोकेदुखी, उलट्या, तोल जाणं सुरू होतं.

पूर्ण डोक्याची सिकाई, म्हणजे सगळ्या मेंदूला रेडिएशन, जिला आपल्याकडचे डॉक्टर होल ब्रेन म्हणतात, ती बहुधा दहा दिवसांची, कधी पाच दिवसांची असते. सगळीकडे पसरलेल्या गाठींसाठी ती देतात. थकवा खूप येतो, केस जातात, भूक मरते, आणि फायदा दिसायला काही आठवडे लागतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वार्ट्झ नावाच्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासात, फुप्फुसाच्या कॅन्सरचे आणि मेंदूत पसरलेले ५३८ रुग्ण होते. निम्म्यांना स्टिरॉइड आणि आधाराचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत पूर्ण डोक्याची सिकाई. जगण्याच्या काळात आणि दिवसांच्या दर्जात ठळक फरक निघाला नाही. तो अभ्यास फुप्फुसाच्या कॅन्सरचा होता, यकृताचा नव्हे, पण ज्यांच्याकडे थोडाच काळ आहे त्यांचे दोन आठवडे रेडिएशनच्या रांगेत घालवण्याआधी हा विचार व्हायला हवा, एवढं तो नक्की सांगतो.

लेनव्हॅटिनिब ही गाठीच्या रक्तवाहिन्यांवर काम करणारी गोळी. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर ती तशीच चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जुन्या चिठ्ठीवरून दुकानातून आणत राहू नका. घरात ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी आधीपासून असेल तर तीही दाखवा. नव्या इम्युनोथेरपीबद्दल दादा विचारेलच. अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब ही जोडी २०२० पासून प्रगत यकृत-कॅन्सरमध्ये पहिल्या पसंतीची ठरली. पण बेव्हॅसिझुमॅबनं रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि बाबांच्या डोक्यात रक्तस्राव होऊन तीन आठवडे झाले आहेत. डेक्साची मात्रा जास्त असेल तर ती इम्युनोथेरपीच्या कामातही आड येऊ शकते. आज तरी मला हा रस्ता त्यांच्यासाठी दिसत नाही.

आणि दादाचं यकृत. त्याच्या मनाचा मोठेपणा मी जाणते. पण कॅन्सर यकृताबाहेर पडल्यावर यकृत बदलत नाहीत. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात आणि फुप्फुसातला, मेंदूतला आजार त्यात झपाट्यानं वाढतो. हे त्याला तुम्ही नका सांगू, डॉक्टरांशी त्याचा व्हिडिओ कॉल लावून द्या. दूर राहणाऱ्या मुलाला काहीतरी मोठं करून दाखवावंसं वाटतं, कारण रोजचं पाणी देणं, कूस बदलणं त्याच्या वाट्याला येत नाही. त्याला चार दिवसांची रजा टाकून या म्हणावं. लिव्हरपेक्षा बाबांना तो जवळ असणंच हवं असेल.

तर मुंबई? टाटा मेमोरियलसारखी जागा देशात दुसरी शोधावी लागेल, १९४१ पासून ती उभी आहे, आणि तिथे जाऊन बरे झालेले कितीतरी जण इंदुरात भेटतील. पण तिथे बाबांसाठी वेगळं औषध ठेवलेलं नाही. डेक्सा तीच, रेडिएशन तेच. वेगळं मिळेल ते अनुभवी माणसांचं मत, आणि त्यासाठी बाबांनी अवंतिका एक्स्प्रेसच्या डब्यात रात्र काढायची गरज नाही. एमआरआयची सीडी, बायोप्सी किंवा ट्रायफेजिक सीटीचा रिपोर्ट, एएफपी (यकृताच्या कॅन्सरची रक्तातली खूण), रक्ताचे रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन दादानं पुण्याहून मुंबईला जावं. फाइल दाखवून मत घेता येतं का ते आधी चौकशी करून घ्यावं. कागदपत्रं ऑनलाइन पाठवून तज्ज्ञांचं मत मागवण्याची सोयही टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या मार्फत आहे. तिथून ‘स्टिरिओटॅक्टिक करण्याजोगं आहे’ असं मत आलं आणि इंदुरात होण्याजोगं नसेल, तरच न्या. मग दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांसाठी जुना आधार आहे, आधी फोन करून जागा विचारा. मत उलट आलं तर बाबांना हलवू नका. टाटाबाहेर, परळच्या फुटपाथवर नंबरची वाट बघत बसलेली इंदूर-उज्जैनची थकलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यातल्या काहींना तिथे ऐकायला मिळालं ते इथे आधीच सांगितलेलं होतं.

मधूनच गोंधळतात, असं तुम्ही एका शब्दात लिहून पुढे गेलात. मला तिथेच थांबावंसं वाटतं. हा गोंधळ गाठीचाच असेल असं नाही. यकृत रक्तातला अमोनिया आणि इतर विषारी द्रव्यं साफ करेनासं झालं की ती मेंदूवर चढतात: दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलताना धागा सुटणं, चिडचिड, पुढे केलेले हात पंखासारखे फडफडणं. याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात, आणि मेंदूतल्या गाठीच्या उलट, यावर साधं औषध चालतं. लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध अशा मात्रेत द्यायचं की दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौच झालं पाहिजे. गरज पडली तर रिफॅक्सिमिन. बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, पोटात रक्तस्राव, सोडियम कमी होणं किंवा झोपेच्या गोळ्या यांनी ही गुंगी येते. त्यामुळे बाबा अचानक बरळू लागले, फार झोपू लागले, तर ‘आता मेंदूचं वाढलं’ असं ठरवून बसू नका. आधी गेल्या दोन दिवसांत पोट साफ झालंय का ते बघा आणि डॉक्टरांना फोन करा. दोन दिवसांत माणूस पुन्हा ओळखीचा होऊन समोर बसलेला मी अनेकदा पाहिलाय. काळी डांबरासारखी शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर मात्र फोनवर वेळ घालवू नका, थेट इमर्जन्सीत न्या.

या गुंगीच्या भीतीनं वरण, दही, डाळ बंद करू नका. प्रोटीननं गुंगी वाढते म्हणून पूर्वी ते तोडत, आता तोडत नाहीत, उलट स्नायू झिजले की अमोनिया आणखी वाढतो. थोडं थोडं, वरचेवर द्या. झोपताना मूठभर पोहे, दूध, खिचडी असं काहीतरी पोटात जाऊ द्या, रात्रीचा लांब उपास यकृताला सोसत नाही. पायाला सूज, पोटात पाणी असेल तर मीठ कमी. आत्याच्या काढ्याला प्रेमानं नाही म्हणा. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. बाबांच्या यकृताकडे आता खर्च करायला काही शिल्लक नाही. आत्यांना सांगा, काढ्याऐवजी रोज संध्याकाळी अर्धा तास येऊन बसा.

डेक्साच्या गोळ्या सकाळी आणि दुपारी द्याव्यात. संध्याकाळी दिल्या की रात्रभर झोप नाही. साखर वाढते, म्हणून मधुमेह नसला तरी आठवड्यातून दोनदा तपासा. तोंडात पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी असते, औषधानं जाते, आणि ते दुखत असल्यामुळेच माणूस जेवत नाही, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही. गोळ्या अचानक कधीच थांबवू नका, कमी करायच्या त्या पायरीपायरीनं आणि डॉक्टरांच्या सांगण्यानं. एक गोष्ट डॉक्टरांना जरूर आठवण करून द्या: स्टिरॉइडमुळे हेपेटायटिस बी पुन्हा उसळी घेऊ शकतो. बाबांची त्यावरची गोळी, एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर, चालू आहे का? नसेल तर का नाही, ते विचारा.

फिट आली तर घाबरून तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा, चप्पल हुंगवू नका. एका कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर ॲम्ब्युलन्स, १०८. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे घरी ठेवता येतो, डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि कसा वापरायचा ते तुम्ही आणि आई दोघींनी शिकून घ्या. फिट आलेली नसताना केवळ खबरदारी म्हणून फिटच्या गोळ्या बहुधा देत नाहीत. द्यायची वेळ आलीच तर यकृतावर कमी भार टाकणारं लेव्हेटिरासिटॅम निवडतात.

डोकं किंवा पोट दुखलं तर घरातली ब्रुफेन, डायक्लोफेनॅक, कॉम्बिफ्लाम यांना हात लावू नका, रक्तस्राव आणि मूत्रपिंड दोन्हींवर उठतात. पॅरासिटॅमॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आत बहुतेक वेळा चालतं, म्हणजे पाचशेच्या चार गोळ्या, त्यापुढे विचारूनच. ते पुरत नसेल तर मॉर्फिन लहान मात्रेत, लांब अंतरानं, लॅक्टुलोजच्या जोडीनं. ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ असं लोक म्हणतात. शेवट आजार आणतो, मॉर्फिन कण्हणं थांबवतं. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर ते मान्यताप्राप्त रुग्णालयांतून मिळणं सोपं झालं आहे, तरी सगळीकडे नसतं. म्हणून वेदना असह्य होण्याआधी, आत्ताच, एमवाय हॉस्पिटलशेजारच्या सरकारी कॅन्सर रुग्णालयात किंवा तुमच्या रुग्णालयात पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणारा) विभाग कुठला, घरी येणारी नर्स मिळते का, रात्री कोणत्या नंबरवर बोलायचं, हे विचारून फ्रिजवर लिहून ठेवा. पॅलिएटिव्ह डॉक्टर बोलावणं म्हणजे हात टेकणं नव्हे. बाबांच्या आजारात तो सगळ्यात उपयोगाचा डॉक्टर आहे, मी तर त्याला पहिल्या दिवशी बोलावलं असतं.

पुढे काय दिसेल तेही लिहिते, म्हणजे ते आल्यावर दचकणार नाही. झोप वाढत जाईल, जेवण दोन घासांवर येईल, डोळे पिवळे होतील, बोलणं तुटक होईल. त्या वेळी जबरदस्तीनं भरवायचं नाही, नळी घालून खाऊ घातल्यानं दिवस वाढत नाहीत आणि ठसका लागून फुप्फुसात जातं. ओठ ओले ठेवा, कूस बदला, अंग पुसा. बोलत राहा, ऐकू शेवटपर्यंत येतं असं समजूनच वागा.

रात्री मोबाइलवर वाचताना तुम्ही स्वतःला विचारत असाल, आधी कळलं असतं तर? यकृताच्या कॅन्सरमध्ये मेंदूपर्यंत फैलाव शंभरात एक-दोघांतही क्वचितच होतो. त्रास नसताना मेंदूचा स्कॅन करण्याची पद्धतच नाही. हा कॅन्सर फुप्फुसात, हाडांत, लसिकाग्रंथींत जातो, आणि मेंदूत गेला तर गाठी रक्ताळ असल्यामुळे पहिलं लक्षण असंच, लकव्यासारखं, एकाएकी येतं. कप सुटला त्या सकाळी तुम्ही त्यांना लगेच दवाखान्यात नेलंत. त्याहून जास्त कुणालाच करता आलं नसतं.

पैशांचं तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण विचारात असणार. बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, तेव्हा उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. आधार कार्ड घेऊन जवळच्या नोंदणीकृत रुग्णालयाच्या आयुष्मान काउंटरवर करून घ्या. बँकेचा निवृत्तांसाठीचा विमा असेल तर तोही काढून बघा. आणि कुणी बाटलीतलं, पुडीतलं ‘गॅरंटीचं’ औषध लाखभरात द्यायला आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

एक काम मात्र तुमच्यासाठी आहे, आणि ते बाबांच्या आजारपणात विसरलं जाईल म्हणून इथे लिहिते. तुम्ही, दादा, आई, काका, आत्या, आणि तुमची मुलं, सगळ्यांनी रक्तातली एचबीएसएजी ही हेपेटायटिस बीची तपासणी करा. हेपेटायटिस बी घरात जन्माच्या वेळी आईकडून, रक्तातून, एकच ब्लेड-रेझर वापरण्यातून जातो. जेवणातून, जवळ बसण्यातून, मिठी मारण्यातून जात नाही, तेव्हा बाबांचं ताट वेगळं करू नका. भावंडांची तपासणी विशेष गरजेची, कारण बाबांना तो लहानपणीच मिळाला असेल तर काका-आत्यांनाही मिळालेला असू शकतो. राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे आणि त्यात सरकारी रुग्णालयात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत मिळतं. जे निगेटिव्ह येतील आणि आधी लस घेतली नसेल त्यांनी तीन डोस घ्यावेत: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. जो पॉझिटिव्ह येईल त्यानं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी करायची. बाबांची गाठ सहा सेंटिमीटरची होऊन सापडली. दोन सेंटिमीटरची सापडली असती तर ती बहुधा काढून टाकता आली असती. दादानं पुण्यातच उद्या रक्त द्यावं, तुम्ही आणि आईंनी इथे, आणि काकांना तुम्ही स्वतः घेऊन जा, नाहीतर ते जाणार नाहीत.